पानमळ्यातून दिसलेला कर्झन

चपला बाहेर काढा. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यात जोडे घालून शिरायचं नसतं. आत ऊन गाळून येतं. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सरळ खोडांवर नागवेल चढलेली आहे, लव्हाळ्याच्या पात्यानं जागोजाग बांधलेली. बुंध्यांच्या सावलीत पानपिंपरी पसरली आहे. पायाखालची माती ओली, गार. मळ्याच्या उत्तरेच्या बांधावर या आणि झाडांमधून वर पाहा. सातपुड्याची निळी भिंत दिसते. तिथेच गाविलगड, तिथेच चिखलदरा, आणि सगळ्यात उंच टोक वैराटचं. या भिंतीकडे लक्ष असू द्या, पुढे तिचं काम पडणार आहे.

ज्याला गाठायचं आहे त्याचं नाव जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन. शाळेत त्याच्याबद्दल आपण एकच गोष्ट शिकतो, बंगालची फाळणी. वऱ्हाडातली पोरंही तेवढंच पाठ करून परीक्षेला बसतात. वऱ्हाडाशी त्यानं केलेला व्यवहार बंगालच्याही तीन वर्षं आधीचा, पण तो कोणी विचारत नाही.

पानमळ्यात वेलीची उतरण करतात. फार उंच गेलेली वेल सोडवायची, खालचा जून भाग वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा बांधायचा. बघणाऱ्याला वर कोवळी पानं दिसतात, खाली कितीतरी वर्षांची खोडं पडून असतात. तुम्ही आता गुडघ्यावर बसा आणि ही माती थोडी उकरा.

थंडी वाजते ना? तारीख ३० डिसेंबर १८०३. मळा नाही, तंबूंच्या रांगा आहेत. बैल, उंट, धान्याच्या गोणी उतरवणारे बंजारे. २९ नोव्हेंबरला इंग्रज आणि मराठ्यांत आडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरला वरचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग त्यात मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तो पुढे निजामाच्या पदरात पडणार आहे. म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन तेरा दिवसांपूर्वीच गेली. आज तिच्यावर बसून दुसऱ्या जमिनींचा सौदा चालू आहे: गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगर.

कनातीला कान लावा. एका बाजूला आर्थर वेलस्ली, वय चौतीस. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन होईल, वॉटर्लूवर नेपोलियनला हरवील आणि ब्रिटनचा पंतप्रधानही होईल. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंद्यांचा वकील विठ्ठलपंत, वयानं बराच मोठा. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला पत्त्यांच्या एका डावावरून टोपणनाव ठेवलं आहे, कारण हातात कोणती पानं आहेत ते त्याच्या तोंडावर कधी उमटत नाही. कसलीही अचाट मागणी पुढे करा, म्हाताऱ्याची भुवई हलत नाही. बारा वर्षांनी पॅरिसात जॉन माल्कम वेलिंग्टनला विचारील, हा फ्रान्सचा तालेराँ कसा काय माणूस आहे? उत्तर मिळेल की आपल्या त्या म्हाताऱ्यासारखाच, पण तेवढा हुशार नाही. युरोपातल्या सगळ्यात धूर्त मुत्सद्द्याला हरलेल्या बाजूच्या एका मराठी वकिलाच्या खाली बसवलं, आणि तेही त्याच्याशी झुंजलेल्या माणसानं. अंजनगावच्या शाळांत हा किस्सा सांगायला काय हरकत आहे?

तहावर सही होते. कागद कलकत्त्याला जातो, आर्थरच्या थोरल्या भावाकडे, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीकडे. त्यानं तिथे नवा राजवाडा उठवला आहे, इंग्लंडमधल्या डर्बीशायरातल्या केडलस्टन नावाच्या हवेलीचा नमुना पुढ्यात ठेवून. ती हवेली कर्झन घराण्याची.

माती सारा आणि एक पेर वर या.

केडलस्टनमध्ये ११ जानेवारी १८५९ ला जॉर्जचा जन्म होतो. ईटनची शाळा, ऑक्सफर्डचं बेलियल कॉलेज. पाठीचा कणा तरुणपणीच दुखावलेला, म्हणून कपड्यांच्या आत चामड्याचा आणि पोलादाचा पट्टा. त्यामुळे तो सदा ताठ. लोक त्याला माज समजतात, आणि माजही काही कमी नसतो. सहाध्यायांनी त्याच्या तोऱ्यावर तुकबंदी केली, ती त्याला मरेपर्यंत चिकटली. १८८६ साली साउथपोर्टमधून हुजूर पक्षाचा खासदार. मग मध्य आशिया, इराण, कोरिया असं हिंडून जाडजूड पुस्तकं. १८९५ साली शिकागोच्या धनाढ्य लायटर घराण्यातल्या मेरीशी लग्न. जानेवारी १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून तो कलकत्त्यात उतरतो, चाळिशी गाठता गाठता. राहायला जातो तो थेट आपल्या बापाच्या घराच्या नकलेत. असं दुसऱ्या कोणत्या व्हाइसरॉयच्या नशिबी आलं असेल!

त्याच वर्षी वऱ्हाडावर पाऊस रुसला.

तुम्ही १९०० च्या उन्हाळ्यात उभे आहात. शहानूर नदीत वाळू आहे, पाणी नाही. सरकारी कामावर बायामाणसं खडी फोडताहेत. हातोडी पडते, कपची उडते, पुन्हा हातोडी. एक बाई लेकराला दगडाच्या ढिगाच्या सावलीत निजवून काम करते, आणि सूर्य सरकला की लेकराला सरकवते. दिवसभरात तुम्ही तिला चारदा लेकरू सरकवताना पाहता. व्हाइसरॉयसाहेबांचं म्हणणं असं, की सरसकट वाटलेल्या भिकेनं प्रजेची उमेद जाते. या बाईची उमेद मोजायला कलकत्त्याहून कोण येणार होतं?

आणि तरी कर्झन आळशी राज्यकर्ता नव्हता. उलट कामाचं त्याला व्यसन होतं. फायली तो स्वतः लिहायचा, रात्री उशिरापर्यंत, पाठ दुखत असताना. मला तर वाटतं, तो थोडा आळशी असता तर वऱ्हाड आणि बंगाल दोघंही वाचले असते. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतं, पण मालकी निजामाची. फौजेच्या खर्चापोटी लावून दिलेला मुलूख तो, जवळपास गहाणच. हैदराबादचा दिवाण सालारजंग यानं तो सोडवण्यासाठी जन्मभर खटपट केली आणि १८८३ मध्ये तसाच मेला. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून इंग्रजांना इथल्या कापसाची चटक लागलेली. गाडी चालू होती. आधीच्या व्हाइसरॉयांनी हे भिजत घोंगडं तसंच पडू दिलं होतं. कर्झनला भिजलेलं काहीच बघवायचं नाही.

हैदराबादेत ३० मार्च १९०२ ला तो निजाम महबूब अली खानाला भेटतो. निजाम पस्तिशीतला, वागण्यात अतिशय सभ्य, शिकारीचा शौकीन. मंत्री सोबत नाहीत. तुम्ही पडद्याआड उभे आहात आणि तुम्हाला फक्त पाठी दिसतात. एक ताठ, पट्ट्यात आवळलेली. दुसरी जरा वाकलेली. निजाम विचारतो, वऱ्हाड परत मिळायची काही आशा? ताठ पाठ सांगते, नाही. मग कायमचा पट्टा करून द्या, वर्षाला पंचवीस लाख रुपये घ्या, मालकी नावाला तुमचीच. पुढे निजामाचा मुलगा लिहील की वडिलांवर दडपण आलं होतं. कर्झन म्हणणार, सगळं राजीखुशीनं झालं. पडद्याआडून तुम्हाला जे दिसलं त्यावरून तुम्हीच ठरवा.

करार ५ नोव्हेंबर १९०२ चा. त्या आठवड्यात तुम्ही पुन्हा अंजनगावात या.

हा एलिचपूर जिल्हा, दर्यापूर तालुका. कापसाची वेचणी चालू आहे, रस्त्यावर गाड्या भरून पांढरं सोनं निघालंय. मळ्यात पानं खुडून ती बांबूच्या करंड्यांत ओल्या फडक्यात रचली जाताहेत. करंड्यांचा बांबू वरून मेळघाटातून येतो. तुम्ही आत पाऊल टाकता तसा म्हातारा ओरडतो.

"पायातले काढा जी! वेलीले चालत नाही."

जोडे काढून तुम्ही त्याच्याजवळ टेकता. तो लव्हाळ्याचं पातं दातात धरून वेल बांधतोय. बोटं इतकी सराईत की गाठ कधी पडली ते कळत नाही. तुम्ही विचारता, वऱ्हाड कायमचं इंग्रजाकडे गेलं म्हणे, ऐकलंत का?

"गेलं? आतालोक कोनाकडं होतं मंग?"

तुम्ही समजावता. मालकी निजामाची, कब्जा साहेबाचा, आता पट्टा कायमचा. तो ऐकून घेतो. कनवटीचा रुपया काढतो, राणीछाप, कडा झिजलेल्या. तो उलटा-सुलटा करून तुम्हाला दाखवतो.

"याच्यावर बाईचं मुंडकं होतं, आता तिच्या पोराचं येईन म्हनतेत. निजामाचं तं म्या कधी पायलंच नाही. पट्टी भराले सरकारी कचेरीतच जा लागते. काल बी, उद्या बी." मग थोड्या वेळानं, वेलीकडेच पाहत, "माह्या आज्यानं इथिसा इंग्रजाची छावनी पायली होती. म्हने, एक म्हातारा बामन होता शिंद्याचा, साह्यबासमोर दिवसभर बसे, पन तोंडावरची माशी नाही उडवे."

हे शेवटचं वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं आहे, कबूल करतो. पण कनातीबाहेर बैल राखणारं कोणी ना कोणी गावातलं असणारच.

त्याला विचारा, कागदावर सही कोणाची झाली? "त्याहिची," म्हणतो आणि पुढची वेल घेतो. पट्टा वऱ्हाडाचा, पण सह्या हैदराबादच्या आणि साहेबाच्या. अमरावतीतल्या कोणा वकिलाला विचारलं नाही, एलिचपूरच्या कोणा देशमुखाला नाही, या म्हाताऱ्याला तर नाहीच नाही. १९०३ च्या ऑक्टोबरात वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, तेही असंच. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत घातला.

दिल्लीला जायचं असेल तर घाई करा. १ जानेवारी १९०३ चा दरबार आहे, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचा. राजा स्वतः आलेला नाही, भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉटला पाठवलंय, पण हत्तीवर कर्झन असा बसलाय की पाहुण्यांनी चुकून त्यालाच राजा समजावं. निजामाला मोठा किताब मिळतो: ऑर्डर ऑफ द बाथचा ग्रँड क्रॉस, आद्याक्षरं जी.सी.बी. गर्दीत कोणीतरी कुजबुजतं, अर्थ ठाऊक आहे ना? गेव्ह कर्झन बेरार. वऱ्हाड दिलं कर्झनला! कोट्या करण्यात इंग्रज आपल्या पुणेकरांना हार जाणारे नव्हेत. गंमत म्हणजे ही कोटी शंभर वर्षं टिकली, किताब कोणाच्या लक्षात नाही.

दोन वर्षं ओलांडा. ११ फेब्रुवारी १९०५, कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. कुलपती कर्झन पदवीधरांना सांगतो की सत्याचा मोठा आदर ही मुळात पश्चिमेची गोष्ट, पूर्वेकडे चलाखीलाच मान. सभागृहात कोणी उठत नाही. दोनच दिवसांत 'अमृत बझार पत्रिका' त्याच्याच पुस्तकातला उतारा छापते. कोरियात एका मंत्र्यानं वय विचारलं तेव्हा तेहतिशीच्या कर्झननं चाळीस सांगितलं होतं, कारण तिथे पोरसवदा माणसाला किंमत नसते. राणीच्या नात्यातले का, असं विचारल्यावर नाही म्हणाला, पण समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहून पुस्ती जोडली की अजून माझं लग्न व्हायचं आहे! हे सगळं त्यानं स्वतःच मोठ्या हौसेनं लिहून ठेवलं होतं. कलकत्ता कितीतरी दिवस हसत होतं.

ऑक्टोबरात बंगाल तोडलं. त्याच्याही आधी ऑगस्टमध्ये सरसेनापती किचनरशी झालेल्या भांडणात लंडननं किचनरची बाजू घेतली आणि कर्झननं राजीनामा दिला. गेला, पण जाताना मागे फाळणी ठेवून गेला.

आता सातपुड्याच्या त्या भिंतीकडे पुन्हा पाहा. इथली माणसं सांगतात, पांडव अज्ञातवासात इथेच होते. वैराट म्हणजे विराटाचं. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचाच पुढे चिखलदरा झाला. हात धुतले ते भीमकुंडात. इतिहासकारांनी या व्युत्पत्तीचं काय करायचं ते करावं, वऱ्हाडानं कीचकाची जागा केव्हाच ठरवून टाकली आहे.

म्हणून १९०७ साली पुण्याच्या नाट्यगृहात तुम्ही वऱ्हाडी डोळ्यांनी बसा. बत्त्यांचा वास, डोक्यांची दाटी. पडदा वर जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध'. लेखक 'केसरी'तले, टिळकांचे सहकारी. रंगमंचावर विराटाचा दुबळा दरबार आहे आणि त्या दरबाराला नाचवणारा सेनापती कीचक. त्याला सैरंध्री हवी आहे. धर्मराज अर्ज-विनंत्या सुचवतो, भीम दात-ओठ खातो. कर्झन हे नाव तीन तासांत एकदाही येत नाही. तरी कीचक छाती काढून बोलू लागला की तुमच्या शेजारचा गृहस्थ मांडीवर थाप मारून म्हणतो, "हुबेहूब!" काय हुबेहूब ते त्याला सांगावं लागत नाही आणि तुम्हालाही विचारावं लागत नाही. भीम उठतो तेव्हा सगळं नाट्यगृह उठतं. मागच्या भिंतीशी दोन माणसं मात्र बसूनच आहेत, हातात वही घेऊन. १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानं त्याच वर्षीच्या पुस्तकात या नाटकाचा अर्थ पात्रवार उलगडून सांगितला. इतकी नेमकी समीक्षा खाडिलकरांना घरच्या माणसांकडूनही क्वचितच मिळाली असेल.

पुण्याच्या प्रेक्षकांना कर्झन दिसला तो बंगाल तोडणारा. तुम्ही चिखलदऱ्याच्या पायथ्याचे, म्हणून तुम्हाला आणखी एक दिसतो, निजामाच्या समोर ताठ बसलेला. कीचक ज्या डोंगरात मेला असं आपण म्हणतो, तो डोंगर पाच वर्षांपूर्वी कर्झननंच पट्ट्यावर घेतलेला होता. खाडिलकरांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. योग आहे, पण काय योग आहे!

न्याय करायचा तर एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा धरा. जुन्या वास्तू जपण्याचा कायदा १९०४ साली त्यानंच करवला आणि मोडकळीला आलेल्या पुरातत्त्व खात्यात जीव घातला. आज गाविलगड संरक्षित स्मारक आहे. वेलस्लीच्या तोफांनी जो तट फोडला, त्याची राखण करण्याची परंपरा कर्झनपासून सुरू होते. दोघांचे उपकार कसे मांडायचे ते गडावर जाऊन ठरवा.

आता लंडन. मंगळवार, २२ मे १९२३, दुपार. कार्लटन हाउस टेरेसमधलं उंची घर. कर्झन चौसष्ट वर्षांचा आहे, परराष्ट्रमंत्री आहे. पंतप्रधान बोनार लॉनं घशाच्या आजारानं राजीनामा दिलाय. कर्झन सुट्टीत मॉन्टेक्यूटच्या वाड्यावर होता. तिथे टेलिफोन नाही, म्हणून राजाच्या चिटणिसाची तार गेली: भेटायला या. साऱ्या आयुष्यात ज्यासाठी पाठ ताठ ठेवली ते आता मिळणार. गाडीत बसून त्यानं मंत्रिमंडळ जुळवलं, स्टेशनवर छायाचित्रकार उभे होते. चिटणीस लॉर्ड स्टॅमफोर्डहॅम येतो आणि अदबीनं सांगतो की राजेसाहेबांनी स्टॅन्ली बाल्डविनला बोलावलं आहे. पंतप्रधान लोकसभेतला हवा, कर्झन उमरावांच्या सभागृहात, तिथून मजूर पक्षाला उत्तर कसं देणार? आतल्या खोल्यांत, कर्झनशिवाय, सल्लामसलत झालेली होती.

तो रडतो. बाल्डविनला कस्पटासमान माणूस म्हणतो. तुम्ही दाराशी उभे आहात. तुम्हाला त्याची कीव येते आणि त्याच वेळी पानमळ्यातला तो म्हातारा आठवतो, "त्याहिची" म्हणून पुढची वेल घेणारा. त्याला निदान कोणी तार पाठवून बोलावलं नव्हतं. २० मार्च १९२५ ला कर्झन गेला.

कर्झन रडला त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा निजाम उस्मान अली खानानं वऱ्हाड परत मागितलं. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं त्याला झटकून सांगितलं की हिंदुस्थानात इंग्रजी सत्तेच्या वर कोणी नाही. १९३६ मध्ये समजूत म्हणून निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. वऱ्हाडातला कापूस तोवर 'शकुंतला' या छोट्या रेल्वेच्या रुळांवरून मूर्तिजापूरला जाऊ लागला होता.

मळ्याबाहेर या, चपला घाला. ८ ऑगस्ट १९४७ ला अकोल्यात वऱ्हाडाच्या भवितव्याचा आणखी एक कागद झाला, त्याला अकोला करार म्हणतात. त्यावर वऱ्हाडातल्या माणसांच्या सह्या आहेत.